करडा पडलेला फिल्टर

कन्ना चौकामागच्या बोळात आमचं दुकान.
मे महिन्यात दोन पंखे लागतात,
एक मला, एक कॉम्प्युटरला.
माझा बंद पडला तरी चालतं.

आज ‘तैलरंग’ करडा पडलाय.
मेनूत नाव दिसतं, पण दाबलं की हूं नाही की चूं नाही,
रविवारच्या बँकेचं शटर जसं.

समोर स्टुलावर अंबव्वा गाजूल.
मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत पासबुक,
पासबुकात नवरा: लचमय्या,
कारखान्याच्या ओळखपत्रावरचा,
गालावर अर्धा गोल शिक्का.
वर्षश्राद्ध गुरुवारी.
“पेंटिंग केल्यासारखा करून दे की गं पोरी,
आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याचा केलाईस तसा.”

मी आधी जग करतं तेच करते,
बंद करते, चालू करते.
सिद्धेश्वराचं नाव घेऊन आणखी एकदा.
मग डोकं वापरते.
स्कॅन सोळा बिटचा आलाय, आठवर आणते.
रंग छापखान्याचे आहेत, पडद्याचे करते.
लेयरचं कुलूप काढते.
‘जलरंग’ जागा होतो, ‘कोळसा’ डोळे चोळत उठतो,
तैलरंग ढिम्म.

मामेभावानं पेनड्राइव्हवर दिलेला एक प्लग-इन आहे,
बत्तीस बिटचा.
सॉफ्टवेअर चौसष्टचं.
एका फोल्डरात राहतात, बोलत नाहीत.

“काय झालं?”
काय सांगू हिला?
“जोडलंय सगळं, पण यंत्राला दिसंना.”

“मग जकार्डसारखंच की,” अंबव्वा म्हणते.
“पुठ्ठा चढवलेला असतो,
पण भोक चुकलं की सुई आत जात न्हाई.
मोराला मानच येत न्हाई चादरीवर.
मग हे एकेक पुठ्ठा उतरवून
दिव्याला धरून बघत बसायचे, रातभर.
शिव्या न्हाईत द्यायचे यंत्राला.
म्हणायचे, चूक आपलीच असती,
त्यानं नुसती पाठ केलेली असती.”

मी सगळे प्लग-इन उतरवते.
एकेक चढवते. एकेक बघते.
आणि सेटिंगच्या तळाशी सापडते ती रिकामी चौकट,
ग्राफिक्स कार्डची.
खूण काढलेली.
कुणी? मीच.
गेल्या उन्हाळ्यात मशीन तापायचं म्हणून.

खूण केली, आणि लचमय्या वाहायला लागला.
गालावरचा शिक्का वितळला,
शर्टाची कॉलर जाड रंगानं उठून आली,
पाठीमागचा पांढरा पडदा ढगाळ झाला.
मला माझंच कौतुक वाटलं.

अंबव्वा पडद्याच्या अगदी जवळ गेली.
चष्मा वर. चष्मा खाली.
“भुवईवरचा कापूस कुठंय?”

कापूस?
पांढरे ठिपके होते खरे.
धूळ समजून मी पहिल्या दहा मिनिटांतच
एकेक टिपून काढले होते, मोठ्या निगुतीनं,
फिल्टरला हात लावायच्याही आधी.

“रातपाळी करून तसंच गेलते ओ फोटोला.
तोंड धुतलं, भुवया राहिल्या.
मी हसले हुते तवा.”

मागे जायला गेले.
मागच्या पन्नास पायऱ्याच राहतात लक्षात मशीनच्या,
मी केव्हाच पुढं आले होते.

पासबुक पुन्हा उघडलं.
स्कॅनरचा उजेड
या काठावरून त्या काठाला सावकाश गेला,
ती झाकणावर हात ठेवून उभी,
माग थांबवताना ठेवतात तसा.

या खेपेला काही पुसलं नाही.
तैलरंग दहावर होता, दोनवर आणला,
भुवयांवर तोही नाही.
शिक्का काढू का, विचारलं.
“असू दे. पगार त्येच्यावर व्हायचा.”

छपाईला वेळ होता.
बाहेर बेचाळीस, आत त्याहून जास्त.
कॉम्प्युटरचा पंखा मी तिच्याकडे वळवला.
मशीन तापलं, घरघरलं.
चाललं.